छायाचित्रकाराचा बोजा : बैलगाडीपासून खांद्यावरील झोळीपर्यंत

बेंगळूरच्या जुन्या पेठेविषयीची आख्यायिका येथे राहणाऱ्या बहुतेक मराठी कुटुंबांच्या कानावरून गेलेली असेल. १५३७ मध्ये केंपेगौडाने नगर वसविण्याचे योजिले, तेव्हा दोड्डपेट आणि चिकपेट यांचे रस्ते आज जेथे एकमेकांस छेदतात त्या जागेवरून नांगराला जुंपलेले बैल चार दिशांना हाकण्यात आले, आणि नांगराच्या तासांवरून पेठेचे मुख्य रस्ते आखले गेले, असे सांगतात. तीत इतिहास किती व लोककथा किती, याचा निवाडा पंडितांनी करावा. मला येथे त्या बैलांचे स्मरण झाले ते निराळ्याच कारणाने. या घटनेनंतर तीनशे वीस वर्षांनी, १८५७ च्या डिसेंबर महिन्यात, बेंगळूरहून बैल पुन्हा एका संस्मरणीय कामगिरीवर निघाले. या खेपेस त्यांच्या मागे नांगर नव्हता, गाड्या होत्या. आणि गाड्यांत छायाचित्रणाचे सामान होते.

आज लग्नसमारंभात वा गणेशोत्सवात खांद्याला झोळी लावून हिंडणारा छायाचित्रकार आपण पाहतो, तेव्हा त्या झोळीत काय आहे हा प्रश्न आपल्या मनात सहसा येत नाही. वस्तुतः तो प्रश्न विचारण्याजोगा आहे. छायाचित्रकाराला काय आणि किती वाहून न्यावे लागत होते, यावर कोणाचे चित्र निघावे व कोणाचे निघू नये, हे पुष्कळसे ठरत आले आहे. आपल्या आजोबा-पणजोबांची चित्रे का नाहीत, आणि असली तर एखाददुसरेच का, याचे उत्तर केवळ गरिबीत सापडत नाही. ते त्या बोज्यातही सापडते.

बेंगळूरहून निघालेल्या त्या गाड्यांचा धनी होता कॅप्टन लिनियस ट्राइप, कंपनी सरकारच्या मद्रास लष्करातील अधिकारी. १८२२ चा जन्म. रजेवर मायदेशी असता त्याला छायाचित्रणाचा नाद लागला, आणि १८५४ मध्ये बेंगळूरला परतल्यावर त्याच वर्षाच्या अखेरीस त्याने हळेबीड व बेलूर येथील होयसळ मंदिरांची चित्रे घेतली. पुढील वर्षी ब्रह्मदेशाच्या राजाकडे गेलेल्या शिष्टमंडळाबरोबर तो गेला व दोनशेहून अधिक ऋणप्रती, म्हणजे निगेटिव्ह, घेऊन परतला. त्यांपैकी निवडक एकशेवीस चित्रांचे पन्नास संच बेंगळुरातच छापले गेले. म्हणजे सहा हजार प्रती! त्या काळी प्रत छापणे याचा अर्थ ऋणप्रतीखाली संस्कारित कागद ठेवून तो उन्हात धरणे, असा होता. बेंगळूरच्या उन्हाला इतके सरकारी काम त्यापूर्वी कोणी लावले नसेल.

१८५६ मध्ये मद्रास इलाख्याचा सरकारी छायाचित्रकार म्हणून त्याची नेमणूक झाली आणि पुढील वर्षाच्या अखेरीस तो श्रीरंगम, मदुरा, तंजावर या बाजूच्या दौऱ्यावर निघाला. बेंगळूरला आगगाडी आली ती १८६४ मध्ये. तेव्हा बैलाशिवाय गत्यंतर नव्हते. पण एका माणसाच्या चित्रांना गाड्या कशाला लागाव्यात, हे आजच्या वाचकास समजावून सांगितले पाहिजे.

पहिली गोष्ट अशी की, लहान ऋणप्रतीवरून मोठे चित्र काढण्याची सोय त्या काळी व्यवहारात नव्हती. जेवढे चित्र हवे तेवढीच ऋणप्रत, आणि जेवढी ऋणप्रत तेवढाच कॅमेरा. ट्राइपची चित्रे सुमारे बारा इंच बाय पंधरा इंचांपर्यंतची आहेत; यावरून त्याच्या लाकडी पेटीच्या आकाराची व तिला पेलणाऱ्या तिपाईची कल्पना यावी. दुसरी गोष्ट रसायनांची. ट्राइप मेणविलेल्या कागदाच्या ऋणप्रती वापरी, तशाच काचेच्याही. कागद वजनाला हलका आणि आगाऊ तयार करून ठेवता येण्याजोगा, परंतु रेषा किंचित मऊ उमटवणारा. काच बारीकसारीक तपशील टिपणारी, पण जड आणि फुटकी.

काचेची तऱ्हा तर फारच हट्टी. फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने १८५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ओल्या कलोडियनच्या पद्धतीत काचेवर चिकट द्रावण ओतून पसरावे लागे, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवावी लागे, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यावे लागे आणि ओली असतानाच अंधारात धुवावी लागे. हा सारा विधी काही मिनिटांचा. उन्हाळ्यात तर आणखी थोडक्या मिनिटांचा, कारण द्रावणातील ईथर पाहता पाहता उडून जाई. म्हणजे अंधारखोली मुक्कामी ठेवून भागत नसे, ती देवळाच्या दाराशी न्यावी लागे. काळ्या कापडाचा तंबू, काचांच्या खाचपेट्या, ईथर व मद्यार्क यांच्या बाटल्या, चांदीचा क्षार, चित्र कायम करण्यासाठी हायपो किंवा प्रसंगी सायनाइडसारखे जहाल विष, तबके, फडकी, तराजू, आणि या सर्वांहून अधिक म्हणजे स्वच्छ पाणी. आज छायाचित्रकाराच्या झोळीतील पाण्याची बाटली त्याच्या तहानेपुरती असते. त्या काळी चित्रालाच तहान लागे.

गाडी जेथे जाऊ शकत नसे तेथे माणसे लागत. सॅम्युएल बोर्न हा इंग्रज छायाचित्रकार १८६३ ते १८६६ या काळात तीनदा हिमालयात गेला. काश्मीरच्या सफरीत त्याच्यासोबत चाळीसहून अधिक हमाल होते, आणि १८६६ मध्ये मणिरंग खिंडीत, अठरा हजार फुटांहून अधिक उंचीवर, त्याने चित्रे घेतली. बोर्नने आपल्या प्रवासाची वर्णने लिहिली. त्यांत वाटेत ओझी टाकून पळून गेलेल्या हमालांविषयी रागाचे शब्द आहेत. अनवाणी पायांनी बर्फातून काचेच्या पेट्या वाहणाऱ्यांची बाजू मात्र कोणी लिहून ठेवली नाही. चित्राखाली साहेबाचे नाव आले. ज्यांच्या पाठीवरून ते चित्र खाली उतरले, ती माणसे निनावीच राहिली.

ट्राइपचा दौरा आपणां मराठी माणसांस विशेष जवळचा वाटावा, याचे कारण तंजावर. शहाजीराजांना १६३८ नंतर बेंगळूरची जहागीर मिळाली. त्यांचे पुत्र व्यंकोजी तथा एकोजी राजे पुढे दक्षिणेस उतरले व तंजावरची गादी स्थापन करून बसले. बेंगळूर १६८७ मध्ये मोगलांच्या हातून तीन लाख रुपयांस म्हैसूरच्या चिक्कदेवराजाकडे गेले. तंजावरची मराठी गादी मात्र १८५५ पर्यंत टिकली. त्या वर्षी दुसरे शिवाजीराजे पुत्रसंतानाविना वारले आणि कंपनीने ते राज्य खालसा केले. यानंतर अवघ्या अडीच वर्षांच्या आत, १८५८ च्या आरंभी, बेंगळूरहून निघालेल्या त्या गाड्या तंजावरला पोचल्या. तेथील बृहदीश्वराच्या जोत्यावर चोळकालीन तमिळ लेख कोरलेले आहेत. ते ट्राइपने तुकड्यातुकड्यांनी टिपले व एकवीस चित्रे जोडून सुमारे एकोणीस फूट लांबीचा एकच पट सिद्ध केला. त्याच मंदिराच्या प्राकारात सर्फोजीराजांनी १८०३ मध्ये कोरविलेला भोसले घराण्याचा प्रदीर्घ मराठी लेख आहे. तंजावरला जाणाऱ्या आपल्या मंडळींनी केवळ कळस पाहून परतू नये, ही भिंतही वाचावी.

एवढ्या उद्योगाचा शेवट कसा झाला, हे सरकारी नोकरीत आयुष्य काढलेल्या माणसाला आश्चर्याचे वाटणार नाही. १८५९ मध्ये सर चार्ल्स ट्रेव्हेल्यन मद्रासचे गव्हर्नर झाले आणि सरकारी छायाचित्रण ही चैनीची बाब ठरवून त्यांनी ते बंद करण्याचा हुकूम काढला. ब्रिटनमध्ये स्पर्धापरीक्षेने नोकरभरती व्हावी असा १८५४ चा अहवाल लिहिणाऱ्या दोघांपैकी हे एक गृहस्थ. म्हणजे आम्हां परीक्षा देऊन खुर्चीवर बसलेल्यांचे एका अर्थी मूळपुरुषच. काटकसरीचे परिपत्रक काढण्यातही त्यांनी आमच्यापुढे धडा घालून दिला म्हणावयाचा! पुढच्याच वर्षी नव्या प्राप्तिकरास जाहीर विरोध केल्याबद्दल त्यांना परत बोलावण्यात आले. ट्राइपचे छायाचित्रण मात्र त्या हुकुमानंतर जवळजवळ संपलेच.

यापुढील पन्नास वर्षांत बोजा झपाट्याने हलका झाला. १८७१ मध्ये मॅडॉक्स याने जिलेटिनच्या कोरड्या काचेची वाट दाखविली, आणि पुढील दशकात तयार काचा डबाबंद मिळू लागल्या. तंबू, पखाल व बाटल्या गळाल्या. इंदूर येथील बांधकाम खात्यात आराखडे काढणारे लाला दीनदयाळ याच संधिकाळातील. तुकोजीराव होळकरांच्या उत्तेजनाने त्यांनी कॅमेरा हाती घेतला आणि पुढे ते निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले. ईस्टमनचा कोडॅक १८८८ मध्ये आला, शंभर चित्रांची गुंडाळी पोटात घेऊन. आणि १९२५ मध्ये बाजारात आलेल्या लायकाने कॅमेरा कोटाच्या खिशात घातला. मधल्या काळात १९१२ मध्ये दादासाहेब फाळके विलायतेहून परतले, तेव्हा त्यांच्या सामानात चलच्चित्राच्या कॅमेऱ्याबरोबर फितीला भोके पाडण्याचे यंत्रही होते, कारण कोरी फीत तेव्हा बिनभोकाचीच मिळे. नाशिककडच्या या माणसाने हे बिऱ्हाड आणले नसते, तर १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ निघाला नसता.

तरीही वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांचा भार पुष्कळ दिवस उतरला नाही. होमाई व्यारावाला, ज्यांचे शिक्षण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत झाले, १९४२ पासून दिल्लीत साडी नेसून स्पीड ग्राफिकचा अवजड कॅमेरा वागवीत असत. त्याच्या एका चौकटीत दोनच चित्रे. प्रत्येक लखलखाटाला नवा बल्ब. पंतप्रधानांच्या समारंभात दहा-वीस चित्रे घ्यावयाची, तर चौकटी आणि बल्ब यांनीच झोळी भरे.

आता आपल्या घरांकडे येऊ. चिकपेट ही लग्नाचा बस्ता काढण्याची पेठ. येथील रेशमी साड्यांच्या दुकानांतून मराठी कुटुंबांचे कित्येक बस्ते निघाले, आणि पेठेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या भावसार व नामदेव शिंपी घरांनी त्यांवर शिवणकाम केले. साठ ते ऐंशीच्या दशकांत त्या लग्नांना जो छायाचित्रकार येई, त्याच्या गळ्यात बहुधा दोन भिंगांचा, वरून खाली पाहावयाचा कॅमेरा असे. खांद्याला विजेच्या दिव्याची जड बॅटरी, तिच्यापासून निघालेली वेटोळी तार, झोळीत एकशेवीस क्रमांकाच्या रिळांची पाकिटे, भिंग पुसण्याचा स्वच्छ रुमाल, आणि रीळ अडकले तर आत हात घालून ते सोडविण्यासाठी बाह्या असलेली काळी पिशवी. एका रिळात चित्रे बारा. आयात फिल्मवर निर्बंध होते. उटकमंडच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्स या केंद्र सरकारच्या कारखान्यात १९६७ पासून ‘इंदू’ नावाची फिल्म निघू लागली, तरी रीळ उधळण्याची चैन कोणास नव्हती.

त्यामुळे मंगलाष्टके चालू असता छायाचित्रकाराचे लक्ष भटजींकडे असे. शेवटच्या अष्टकापूर्वी रीळ संपले तर अंतरपाट दूर होण्याचा क्षण निसटणार. आणि अकरावे चित्र कोणा काकांच्या आग्रहाखातर खर्ची घातले, तर बारावे कोणासाठी राखावे, ही चिंता. आज ज्या जुन्या संग्रहांत आपल्याला आत्याबाई दिसतात आणि स्वयंपाकघरात राबणाऱ्या मावशी दिसत नाहीत, त्याचे एक कारण हे बाराचे गणित आहे.

झोळीचीही एक गंमत सांगण्याजोगी आहे. बिलिंगहॅम या इंग्रज कंपनीने १९७३ मध्ये मासे धरणाऱ्यांसाठी कॅनव्हासच्या पिशव्या शिवावयास घेतल्या. काही वर्षांनी लक्षात आले की, न्यूयॉर्कमध्ये त्या छायाचित्रकारच विकत घेत आहेत. तेव्हापासून त्या कॅमेऱ्याच्या पिशव्या झाल्या. आपल्याकडचे कित्येक छायाचित्रकार साधी शबनम झोळी टॉवेलात कॅमेरा गुंडाळून वापरीत, तेही याच जातीचे शहाणपण. संडूरच्या मराठा राजघराण्यातील व कर्नाटकाचे अर्थमंत्री राहिलेले एम. वाय. घोरपडे (१९३१–२०११) हे तर लांब पल्ल्याची भिंगे घेऊन अरण्यांत हिंडले. त्यांच्या कृष्णधवल वन्यजीवचित्रांचे पुस्तक १९८३ मध्ये लंडनहून निघाले. अंदाजपत्रक आणि हत्तींचा कळप या दोहोंपुढे तितक्याच शांतपणे उभा राहणारा अर्थमंत्री विरळा.

ही सारी सामग्री आता अडगळीत गेली आहे. उटकमंडचा कारखाना बंद पडला, आणि हाती असलेल्या दूरध्वनीवर चित्रांची मोजदाद उरलेली नाही. एक वस्तू मात्र अद्याप मिळण्याजोगी आहे, ती म्हणजे ऋणप्रत. आपण घरी प्रत आणली. ऋणप्रत दुकानात राहिली. दुकाने बंद होत गेली तशी कित्येक गावी काचा खरवडून चौकटींसाठी विकल्या गेल्या आणि फिल्मचे भारे चांदी काढणाऱ्याकडे गेले. काही घरी मात्र चित्रांच्या पाकिटात मागच्या खणात त्या पट्ट्या अजून असतील. रंगीत प्रती तांबूस पडून विटल्या, तरी पट्टीवरून नवी प्रत निघू शकते.

या स्मरणिकेसाठी जुनी चित्रे गोळा करताना निम्म्याहून अधिक चित्रांच्या मागची बाजू कोरी आढळली. ज्यांच्या घरी अशा पट्ट्या वा काचा असतील त्यांनी त्या कडेला धरून उचलाव्यात, प्लास्टिकच्या पिशवीऐवजी साध्या कागदाच्या पाकिटात कोरड्या जागी ठेवाव्यात, काचा आडव्या न रचता उभ्या ठेवाव्यात. आणि पाकिटावर, आत काही घालण्यापूर्वीच, मऊ पेन्सिलीने साल, गाव व माणसांची नावे लिहावीत. चित्र घेणाऱ्याचे नाव आठवत असेल तर तेही लिहावे, आणि दिव्याची बॅटरी धरून त्याच्यामागे उभा असलेल्या पोऱ्याचेही.