इज्जत कोणाची, देह कोणाचा?

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली, तिचे निमित्त सुरतेची विजयालक्ष्मी. या ब्राह्मण विधवेला अर्भकहत्येबद्दल १८८१ साली शिक्षा झाली होती. गाव परके, जात निराळी; तरी ताराबाईंनी ते दुःख परके मानले नाही. तोच वारसा स्मरून एका झाकलेल्या रूढीविषयी आम्ही बोलत आहोत.

ती रूढी म्हणजे मुलींची सुंता. ही आपल्या कुणब्या-माळ्यांच्या घरची चाल नव्हे. आपल्या देशात ती मुख्यत्वे दाऊदी बोहरा समाजात चालत आली. सुमारे सात वर्षांच्या मुलीला काही न सांगता घरचीच वडीलधारी बाई घेऊन जाते आणि तिच्या जननेंद्रियाचा अंश कापला जातो. रेहाना घडियाली यांनी १९९१ साली ‘मानुषी’त यावर लिहिले. २०१८ च्या एका अभ्यासात ९४ जणांना विचारले, तेव्हा त्यांच्या सात वर्षांवरील मुलींपैकी ७५ टक्के मुलींची सुंता झालेली आढळली. कोणी याला धर्म म्हणतात, कोणी शुचिता, कोणी कामवासनेचा संयम. अखेर त्याच समाजातील स्त्रियांनी तोंड उघडले. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न घटनापीठाकडे सोपविला.

परंतु दुसऱ्याकडे बोट दाखविण्यापूर्वी आपले घर आठवावे. विधवांचे केशवपनही धर्माच्याच नावाने होत असे. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रेरणेने मुंबईच्या न्हाव्यांनी त्या कामापुरता वस्तरा खाली ठेवला. कायद्याचे काम कायदा करील. पण ज्या हाती पाते असते तो हातच ‘नाही’ म्हणू लागला, की रूढीचा कणा मोडतो.