मांडवीचा रानपिंगळा

पक्ष्यांचे रक्षण करावयाचे तर प्रथम ते कोठे आहेत व किती आहेत, हे ठाऊक असावे लागते. हे ज्ञान नोंदींवरून मिळते. आणि नोंदच खोटी निघाली, तर रक्षणाचा सारा खटाटोप भलत्याच रानात वाया जातो. सुरत जिल्ह्याच्या वाट्यास अशी एक नोंद आली होती.

सुरतेच्या पूर्वेस तापीकाठी मांडवी हे गाव आहे. ऑक्टोबर १९१४ मध्ये तेथे रानपिंगळा नामक घुबडाचा एक नमुना मिळाला, असे कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांच्या संग्रहातील चिठ्ठी सांगत होती. तिचे महत्त्व ध्यानी येण्यास थोडे मागे गेले पाहिजे.

हा पक्षी एफ. आर. ब्लेविट यांना १८७२ मध्ये आजच्या छत्तीसगडात प्रथम मिळाला. पुढील वर्षी ॲलन ह्यूम यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन करून त्यास ब्लेविट यांचेच नाव दिले. काँग्रेसच्या स्थापनेत अग्रभागी असलेले ह्यूम ते हेच. त्यानंतर जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात, सातपुड्याच्या पायथ्याशी, शहादे-तळोदे भागात याचे आणखी नमुने मिळविले. हेच डेव्हिडसन पुढे उत्तर कानडाचे कलेक्टर झाले व तेथील पक्ष्यांवरही त्यांनी लिहिले. कारवारकडील वाचकांस त्यांचे नाव म्हणून अगदीच परके वाटू नये. १८८४ नंतर मात्र या पक्ष्याविषयी सर्वत्र सामसूम झाली. साहजिकच मांडवीची चिठ्ठी हा विसाव्या शतकातील त्याच्या अस्तित्वाचा एकमेव नमुनारूप पुरावा ठरला.

माइनर्ट्झहागेन १९६७ मध्ये वारले. त्यांच्या संग्रहातील काही नमुने परक्याचे असून त्यांवर नव्या चिठ्ठ्या बांधल्या आहेत, हे ॲलन नॉक्स यांनी १९९३ मध्ये दाखवून दिले. मग पामेला रासमुसेन यांनी मांडवीच्या पिंगळ्याची क्ष-किरणांनी तपासणी केली. नमुना उसवून पुन्हा भरलेला होता. तथापि डेव्हिडसन यांच्या हातची मूळ घडण त्यातून पुरती पुसली गेली नव्हती. म्हणजे पक्षी खानदेशचा, ब्रिटिश संग्रहालयातून उचललेला. मांडवी केवळ कागदावरची! शिवाय त्याच ऑक्टोबरात हे गृहस्थ मुंबईहून सैन्यासह पूर्व आफ्रिकेकडे रवाना झाले होते.

एक खोटे नाव नकाशावरून पुसले गेले, आणि त्याबरोबर खरी वाट मोकळी झाली. रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट यांनी मांडवी वगळून केवळ विश्वसनीय ठिकाणेच धुंडाळण्याचे ठरविले. पूर्वेकडील शोध निष्फळ झाला. परंतु २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी शहाद्याजवळच्या रानात हा पक्षी उघड्या फांदीवर बसलेला दिसला. ११३ वर्षांचा अज्ञातवास संपला. घुबड असूनही तो दिवसा वावरतो, ही गोष्टही शोधकांच्या कामी आली.

पत्ता खरा ठरल्यावर गणना सुरू झाली. मेळघाटात, पुढे २०१४ मध्ये तानशाच्या अरण्यात, आणि अखेर सुरतेच्या दक्षिणेकडील डांगातील पूर्णा अभयारण्यातही रानपिंगळा आढळला. दक्षिण गुजरातेत तो खरोखरच होता. पण त्याची साक्ष खोट्या चिठ्ठीने नव्हे, प्रत्यक्ष पाहणाऱ्यांनी दिली. या नव्या ठिकाणांमुळेच २०१८ मध्ये जागतिक सूचीत त्याचा धोका एका पायरीने कमी लेखण्यात आला. सागाची विरळ राने तुटत आहेत, तोवर ही पायरी निसरडीच समजावी.

आज हजारो हौशी मंडळी पक्ष्यांच्या नोंदी करतात. त्यांतील प्रत्येक नोंद लहानच असते. परंतु कोणते रान राखावे, हे उद्या तिच्यावरून ठरणार असते. तापीच्या खालच्या अंगास लिहिलेल्या एका असत्याने वरच्या अंगाचे सत्य किती काळ झाकोळले, याचे स्मरण नोंदवही उघडताना प्रत्येकाने ठेवावे.