होम्सची मूठ

गाय रिची या दिग्दर्शकाचा 'शेरलॉक होम्स' २००९च्या डिसेंबरमध्ये पडद्यावर आला, तेव्हा होम्सप्रेमी वाचकांपैकी अनेकांनी कपाळावर हात मारून घेतला. उघड्या अंगाने मुष्टियुद्धाच्या रिंगणात उतरणारा, स्फोटांतून धावणारा रॉबर्ट डाउनी ज्युनियर म्हणजे बेकर स्ट्रीटवर पाइप ओढत बसणारा आपला बुद्धिवंत नव्हेच, अशी ती तक्रार. तक्रार मनापासूनची होती, पण तिचे मूळ पुस्तकात कमी आणि रंगभूमीवर अधिक आहे.

'अ स्टडी इन स्कार्लेट'मध्ये (१८८७) वॉटसन आपल्या नव्या सोबत्याच्या गुणदोषांची यादी करतो. साहित्याचे ज्ञान शून्य, अशी तीत नोंद आहे. आणि लाठी, मुष्टियुद्ध व तलवार यांत तो तरबेज असल्याचीही. (साहित्याच्या लोकांना पहिली नोंदच तेवढी लक्षात राहते, हा भाग वेगळा.) 'द साइन ऑफ फोर'मधला (१८९०) दारावरचा धंदेवाईक मुष्टियोद्धा होम्सला आत सोडतो, तो त्याच्या ठोशाची आठवण पटल्यावर, आणि त्याच कादंबरीत थेम्स नदीवर वाफेच्या होड्यांचा थरारक पाठलाग आहे. 'द एम्प्टी हाउस'मध्ये (१९०३) होम्स मोरिआर्टीच्या मिठीतून सुटतो तो 'बारित्सु' नामक जपानी कुस्तीच्या बळावर. बार्टन-राइट या इंग्रज गृहस्थाने जपानहून परतल्यावर 'बार्टित्सु' नावाची स्वसंरक्षणाची पद्धत लंडनमध्ये खरोखरच शिकवायला घेतली होती. डॉईलच्या कथेत त्या नावातले एक अक्षर गळले. गंमत अशी, की कथेतील झुंज १८९१ची आहे आणि बार्टन-राइटची विद्या १८९८-९९ची.

मग खुर्चीतला होम्स आला कोठून? सिडनी पॅजेटच्या रेखाचित्रांतून, आणि विल्यम गिलेटच्या १८९९च्या नाटकातून. बाकदार पाइप गिलेटने रूढ केला. त्याच्याही नाटकात विषारी वायूच्या कोठडीतून सुटकेचा प्रसंग होताच, पण प्रेक्षकांच्या मनात राहिला तो पाइप. पुढे १९३९ ते १९४६ या काळात बॅझिल रॅथबोनने चौदा चित्रपटांतून ही प्रतिमा पक्की केली, आणि त्याच्यासोबतच्या नायजेल ब्रूसने वॉटसनचा भोळसट म्हातारा करून टाकला. मूळचा वॉटसन मुंबई बंदरात उतरून अफगाण युद्धावर गेलेला आणि मैवंद येथे १८८०मध्ये जखमी झालेला लष्करी डॉक्टर. ज्यूड लॉचा चपळ, करारी वॉटसन त्याच्या कितीतरी जवळ जातो.

तेव्हा मारामारीला हरकत घेण्यात अर्थ नाही. खरा बदल दुसरीकडे झाला आहे, आणि तो याच मारामारीत दिसतो. प्रतिस्पर्ध्यावर हात टाकण्यापूर्वी रिचीचा होम्स मनातल्या मनात प्रत्येक ठोसा आखतो. पडदा संथ होतो, कोणते हाड मोडेल तेही आपल्याला ऐकवले जाते, आणि मग तेच सारे क्षणार्धात घडते. क्लृप्ती झकास आहे. परंतु डॉईलच्या होम्सची विद्या परिणामाकडून कारणाकडे, उलट पावलांनी चालणारी. बुटावरचा चिखल पाहून तो झालेला प्रवास सांगतो. इथे तीच बुद्धी पुढे तोंड करून उभी आहे: घडलेल्याचा शोध संपून घडणाऱ्याचे गणित सुरू झाले आहे. शोधकथेचे साहसकथेत रूपांतर झाले, ते नेमके या ठिकाणी.

त्याची किंमत वाचकाने मोजली. पुस्तकात आपण वॉटसनच्या शेजारी बसतो. दिसते सगळे, उमगत काहीच नाही, आणि त्या अंतरातच सारी गोडी. चित्रपटात आपण होम्सच्या डोक्यात बसतो. लॉर्ड ब्लॅकवुडच्या जादूचा उलगडा अखेर होतो, तो बांधकाम चालू असलेल्या टॉवर ब्रिजवर, घाईघाईत. सुगावे इतक्या वेगाने सरकलेले असतात, की ते आपल्या हाती होते असे म्हणवत नाही. आयरीन अ‍ॅडलरच्या बाबतीत तर नुकसान उघडच आहे. १८९१च्या कथेत होम्सला बुद्धीने मात देणारी ही स्त्री इथे मोरिआर्टीच्या हुकमाची बांधील झाली.

२०११च्या दुसऱ्या भागात मात्र रिचीने ही क्लृप्ती टोकाला नेली. रायशेनबाखच्या कड्यावर होम्स आणि मोरिआर्टी दोघेही मनातच लढतात, आणि खांदा दुखावलेल्या होम्सचे गणित पराभवाचेच उत्तर देते. मग तो गणित सोडून शत्रूला मिठी मारतो आणि खाली झेप घेतो. यानंतर पडद्यावर दिसतो तो टंकलेखन यंत्रापुढे बसलेला वॉटसन; तो 'समाप्त' असे लिहून उठतो, आणि त्याच्या पाठीमागे होम्स येऊन त्यापुढे प्रश्नचिन्ह टाकून जातो.