फोनची चार्जिंग टिकत नाही? आधी कारण शोधा, मग पैसे खर्च करा

रमजानमध्ये सेहरीचा अलार्म लावून फोन उशाशी ठेवला. झोपताना ३० टक्के चार्जिंग होती. जाग आली तेव्हा फज्रची अज़ान होऊन गेलेली आणि फोन बंद. रोजा बिनासेहरीचा गेला. असा प्रसंग आपल्याकडे बऱ्याच घरांत होऊन गेला असेल.

आता फोन फक्त बोलण्यापुरता राहिलेला नाही. गंजगोलाईतल्या दुकानदाराचे दिवसाचे पैसे क्यूआर कोडवर येतात. अहमदपूर, उदगीर, कंधारहून मुलं लातूरला शिकायला येतात, त्यांच्या अम्मी-अब्बूंचा जीव रात्रीच्या एका फोनवर असतो. म्हणून बॅटरी लवकर उतरायला लागली की माणूस घाबरतो आणि सरळ नवीन बॅटरी नाहीतर नवीन फोन घ्यायला निघतो. आमचं म्हणणं एवढंच, की थोडं थांबा. पुष्कळदा बॅटरी चांगली असते, दोष दुसरीकडेच असतो. तो कसा शोधायचा, ते इथे क्रमाने सांगतो.

पहिली पायरी : दोन रात्रींची तपासणी

पहिल्या रात्री इशाच्या नमाजनंतर चार्जिंग किती आहे ते कागदावर लिहा. फोन चार्जरला न लावता ठेवा आणि फज्रला आकडा बघा. चांगला फोन रात्रभर नुसता पडून राहिला तर साधारण ३ ते ५ टक्के उतरतो. १५-२० टक्के उतरला असेल तर काहीतरी गडबड आहे.

दुसऱ्या रात्री हेच करा, फक्त फोन एअरप्लेन मोडवर टाका. या मोडमध्ये अलार्म वाजतो, पण कोणाचा कॉल येत नाही, हे लक्षात असू द्या. चार्जिंग आता फारशी उतरली नाही, तर दोष नेटवर्कचा किंवा मागे चालणाऱ्या एखाद्या ॲपचा. तेवढीच उतरली, तर बॅटरी किंवा फोनमध्येच बिघाड असण्याची शक्यता जास्त.

दुसरी पायरी : कोण खातंय ते बघा

सेटिंग्जमध्ये ‘बॅटरी’ उघडा. कोणत्या ॲपने किती टक्के खाल्ले त्याची यादी तिथे मिळते. दोन तास व्हिडिओ बघितले आणि व्हिडिओचं ॲप यादीत वर आलं, तर त्यात नवल नाही. पण जे ॲप दिवसभर उघडलंच नाही ते वर दिसत असेल, तर चोर तिथेच आहे. त्याची गरज नसेल तर काढून टाका. गरज असेल तर अपडेट करा आणि मागे चालण्यावर बंधन घाला.

यादीत स्क्रीनच सगळ्यात वर असेल तर उजेड कमी करा आणि स्क्रीन ३० सेकंदांत बंद होईल असं ठेवा. डार्क मोडचा खरा फायदा ॲमोलेड स्क्रीनच्या फोनला होतो. साध्या एलसीडी स्क्रीनवर मागचा दिवा चालूच राहतो, त्यामुळे फरक जवळजवळ पडत नाही.

नमाजच्या वेळा दाखवणारी ॲप

आपल्या घरांत ही ॲप हमखास असतात आणि बरीचशी लोकेशन सतत मागतात. प्रत्येक ॲपची लोकेशनची परवानगी ‘फक्त ॲप वापरताना’ अशी करा. त्याहून चांगलं म्हणजे ॲपमध्ये शहर हाताने ‘लातूर’ किंवा ‘नांदेड’ निवडा आणि लोकेशन बंदच ठेवा. शहर मात्र बरोबर निवडा. लातूरला जुहरची वेळ मुंबईपेक्षा सुमारे १५ मिनिटं आधी सुरू होते. लातूर आणि नांदेडमध्ये फरक सुमारे ३ मिनिटांचा आहे.

इथे प्रश्न फक्त बॅटरीचा नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये ‘मुस्लिम प्रो’ या जगभर वापरल्या जाणाऱ्या ॲपमधून वापरणाऱ्यांच्या लोकेशनची माहिती एक्स-मोड नावाच्या कंपनीकडे जात असल्याचं आणि त्या कंपनीच्या ग्राहकांत अमेरिकी लष्कराशी संबंधित ठेकेदार असल्याचं उघड झालं. त्यानंतर ॲपने त्या कंपनीशी संबंध तोडल्याचं जाहीर केलं. आपण कुठे जातो, कोणत्या मशिदीत थांबतो, हे विनाकारण कोणाला का कळू द्यायचं?

एक सावधगिरी. अज़ानच्या ॲपवर आणि घड्याळाच्या अलार्मवर बॅटरी वाचवण्याचं कडक बंधन घालू नका. तसं केलं तर अज़ान उशिरा वाजते किंवा वाजतच नाही. सेहरीसाठी फोनसोबतच्या घड्याळातलाच अलार्म लावा, तो जास्त भरवशाचा.

नेटवर्क कमजोर असेल तर

शहरात दिवसभर टिकणारा फोन गावी गेलं की दुपारीच संपतो, असं होतं ना? टॉवर लांब असेल तर फोन जास्त ताकद लावून सिग्नल पकडतो. ५जी मध्येच येतं, मध्येच जातं, तिथे तर फोन सारखा शोधाशोध करत राहतो. अशा ठिकाणी सिमच्या सेटिंगमध्ये ५जी बंद करून ४जी ठेवा. दोन सिम असतील आणि एकाला रेंजच नसेल तर ते तात्पुरतं बंद करा.

अचानक बॅटरी उतरते आणि फोन तापतो

कालपर्यंत ठीक असलेला फोन आज न वापरताही गरम होत असेल, तर हलक्यात घेऊ नका. एखादं वाईट ॲप शिरलेलं असू शकतं. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या शेजारच्या हिंगोलीत एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सॲपवर लग्नाचं आमंत्रण आलं. दिसायला पत्रिका, पण ती होती एपीके फाइल. ती उघडल्यावर त्याच्या खात्यातून सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले. निकाहची पत्रिका असो, वाहनाचा दंड असो की योजनेचा अर्ज, नावाच्या शेवटी ‘एपीके’ असेल तर ओळखीच्या नंबरवरून आली तरी उघडू नका.

शंका असेल तर फोन सेफ मोडमध्ये चालू करा. त्यात आपण टाकलेली ॲप बंद राहतात. तिथे फोन थंड राहिला आणि चार्जिंग टिकली, तर दोष एखाद्या ॲपचाच. अलीकडे टाकलेली ॲप एकेक करून काढा आणि प्ले स्टोअरमधून प्ले प्रोटेक्टची तपासणी चालवा. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेला कळवा.

मराठवाड्याचं ऊन आणि बॅटरी

फोनमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते. चार्ज करताना आणि वापरताना तिच्या आत रासायनिक क्रिया चालते आणि उष्णतेत नको त्या क्रिया वाढून तिची ताकद कायमची कमी होते. ॲपलने आपल्या फोनसाठी वापराचं तापमान ० ते ३५ अंश सांगितलं आहे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर जातो. म्हणून मोटारसायकलच्या डिकीत, गाडीच्या काचेपाशी, पत्र्याखाली उन्हात फोन ठेवू नका. चार्जिंग करताना जाड कव्हर काढा आणि गेम खेळू नका. उशीखाली किंवा गादीवर चार्जिंग तर मुळीच नको. तापलेला फोन फ्रिजमध्येही ठेवू नका, आत पाणी धरतं. सावलीत ठेवला की तो आपोआप निवतो.

रोज ० पर्यंत उतरवायची आणि १०० पर्यंत भरायची, हा जुन्या बॅटऱ्यांचा नियम होता. आताच्या बॅटरीला २० ते ८० टक्क्यांमध्ये राहणं मानवतं. उघडी ॲप सारखी सरकवून बंद करण्यानेही बॅटरी वाचत नाही, कारण तीच ॲप पुन्हा पहिल्यापासून उघडायला उलट जास्त चार्जिंग लागते. ‘बॅटरी डॉक्टर’ छापाची ॲप टाकू नका, ती स्वतःच बॅटरी खातात.

बॅटरी बदलायची कधी?

आयफोनमध्ये बॅटरीच्या सेटिंगमध्ये ‘बॅटरी हेल्थ’ दिसते. ८० टक्क्यांच्या खाली गेली की बदलायचा विचार करा. अनेक अँड्रॉइड फोनमध्येही अशी तपासणी असते. ४० टक्क्यांवरून फोन एकदम बंद पडतो किंवा आकडा उड्या मारतो, तर बॅटरी थकली असं समजा. मागचं झाकण वर आलं असेल, तर बॅटरी फुगली आहे. असा फोन लगेच बंद करा, चार्जरला लावू नका, टोचू-दाबू नका आणि दुरुस्तीला न्या. बॅटरी शक्यतो कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये बदला. बाहेर बदलली तर पक्कं बिल घ्या. बीआयएसची खूण नसलेली स्वस्त बॅटरी घेऊ नका. जुनी बॅटरी कचऱ्यात न टाकता दुकानातच परत द्या.

हज-उमराहला जाणाऱ्यांसाठी

जून २०२४ च्या हजमध्ये मक्का शरीफमध्ये तापमान ५१.८ अंशांवर गेलं होतं. अशा उन्हात फोन तापून स्वतःच बंद होतो, चार्जिंगही घेत नाही. नुसूक आणि हज सुविधा ॲप फोनमध्येच असल्यामुळे माणूस अडकतो. म्हणून फोन थेट उन्हात धरू नका. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवा, विमानात सामानाच्या बॅगेत ती चालत नाही. साधारणपणे १०० वॅट-अवरपर्यंतची नेता येते. २०,००० एमएएचची पॉवर बँक सुमारे ७४ वॅट-अवरची असते, म्हणजे त्या हिशेबात बसते. तरी जाण्याआधी विमान कंपनीचा नियम विचारून घ्या.

आणि शेवटची गोष्ट. मुक्कामाचा पत्ता, गटप्रमुखाचा नंबर आणि घरचा एक नंबर कागदावर लिहून अम्मी-अब्बूंच्या खिशात ठेवा. घरातल्या शाळकरी मुलांनाही एक नंबर तोंडपाठ करायला लावा. फोन कधीही बंद पडू शकतो. तेव्हा कामाला येतो तो कागद आणि पाठ केलेला नंबर.