फिन्झी-कोंतिनींच्या बागेची भिंत

व्हित्तोरिओ दे सिका हे नाव उच्चारताच रसिकांना 'बायसिकल थीव्ह्ज' आठवतो. त्याच दिग्दर्शकाने १९७० साली पडद्यावर आणलेल्या 'फिन्झी-कोंतिनींची बाग' या चित्रपटाकडे आम्ही येथे इतिहासाचे एक पान म्हणून पाहणार आहोत. जॉर्जो बस्सानी यांच्या १९६२ सालच्या कादंबरीवर तो आधारलेला आहे. १९७१ साली बर्लिन महोत्सवात त्यास सर्वोच्च पुरस्कार मिळाला. पुढे सर्वोत्कृष्ट परभाषिक चित्रपटाचे ऑस्करही लाभले.

वरवर पाहता ही तारुण्यात पदार्पण करणाऱ्यांची कथा. उत्तर इटलीतील फेर्रारा नगरात उंच भिंतीआड एक धनाढ्य यहुदी कुटुंब राहते. त्या घरची मिकोल आणि मध्यमवर्गीय यहुदी घरातील कथानायक यांचा परिचय बालपणापासूनचा. तो तिच्यावर प्रेम करतो, ती नकार देते, आणि त्या दुःखातून तो प्रौढ होतो. मात्र त्याच्या प्रौढ होण्याला एक सन चिकटलेला आहे : १९३८.

त्या वर्षी मुसोलिनीच्या राजवटीने वंशविषयक कायदे केले. सप्टेंबरमध्ये यहुदी विद्यार्थी व शिक्षक सरकारी शाळांबाहेर गेले. नोव्हेंबरमध्ये मिश्रविवाह आणि सरकारी नोकऱ्या यांवर बंदी आली. इटलीत यहुदींची संख्या हजारी एकाच्या आसपास होती. बस्सानी स्वतः फेर्राराचे. त्यांनी यहुदी मुलांसाठी काढलेल्या शाळेत अध्यापन केले आणि १९४३ साली फॅसिस्टविरोधी कार्यासाठी तुरुंगवास भोगला.

चित्रपटात संकट सैनिकांच्या पावलांनी येत नाही. टेनिस क्लबचे सभासदत्व जाते, वाचनालयाचे दार बंद होते, एवढेच. क्लबमधून वगळलेल्या तरुणांसाठी फिन्झी-कोंतिनी आपल्या बागेतील टेनिसचे मैदान खुले करतात. बाहेर जग आक्रसत असताना आत चेंडू उडत राहतो. नायकाचे वडील तर एकेका निर्बंधानंतर स्वतःची समजूत घालतात की, एवढे सोसून जगता येईल. भल्या माणसांची अशी समजूतच अन्यायाला उसंत मिळवून देते, असे आम्हास वाटते.

येथे आपणा ख्रिस्ती वाचकांना थोडे मागे जावे लागेल. एस्ते घराण्याच्या राज्यात फेर्राराने स्पेनमधून हाकललेल्या यहुदींना आसरा दिला होता. १५९८ साली हे नगर पोपच्या राज्यात आले आणि १६२७ साली तेथे 'गेटो' उभा राहिला : रात्री ज्याची दारे बंद होत अशी वस्ती. ही व्यवस्था कायमची संपली ती १८५९ साली. म्हणजे बागेभोवतीची भिंत मालकाने हौसेने बांधली असली, तरी त्या नगराला भिंतीची सवय लावण्यात आमच्या पूर्वसूरींचाही हात होता. मुसोलिनीचा वंशवाद व जुना धर्मद्वेष एक नव्हेत. पण पहिल्याला जमीन मिळाली ती दुसऱ्याने नांगरलेली. कादंबरी आणि चित्रपट यांच्या मधोमध, २८ ऑक्टोबर १९६५ रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 'नोस्त्रा एताते' या घोषणापत्राद्वारे यहुदीद्वेषाचा निषेध केला, हे म्हणूनच लक्षात ठेवावयास हवे.

सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शस्त्रसंधी जाहीर केली आणि जर्मन सैन्याने उत्तर व मध्य इटली ताब्यात घेतली. यादीत नाव असलेल्यांची धरपकड झाली. कादंबरीत मिकोलच्या कुटुंबाचा अंत मोजक्या वाक्यांत उरकतो : तुरुंग, फोस्सोलीची छावणी, जर्मनी. दे सिका यांनी तो प्रसंग दाखविला. शाळेच्या एका वर्गात मिकोल आणि नायकाचे वडील समोरासमोर येतात. हा व इतर बदल बस्सानींना रुचले नाहीत; पटकथेवरून त्यांनी आपले नाव काढावयास लावले. लेखकाचा आक्षेप आम्हास मान्य आहे, तरीही तो वर्ग आम्हास विसरता येत नाही. ज्या शाळांतून मुलांना प्रथम बाहेर काढले, तशाच एका शाळेत पाच वर्षांनी त्यांना कोंडले गेले.

वंशकायद्यांचा आरंभ १९३८ च्या सप्टेंबरात शाळेच्या हजेरीपटावरून झाला होता. त्या सकाळी वर्गात रिकामे बाक दिसत होते, आणि उरलेल्या मुलांचे पाठ नित्याप्रमाणे सुरू झाले.