घोकंपट्टीचे मूळ : वर्ग बेंगळुरूत, परीक्षा मद्रासची

मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही विद्यापीठे १८५७ मध्ये लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाली. शिकवण्याचे काम महाविद्यालयांचे. विद्यापीठाचे काम परीक्षा घेऊन पदवी देण्याचे. बेंगळुरूचे सेंट्रल कॉलेज मद्रास विद्यापीठाला संलग्न होते. त्यामुळे वर्ग बेंगळुरूत भरत, पण अभ्यासक्रम आणि परीक्षा मद्रासच्या. विद्यार्थी वर्गात कोणत्या शंका विचारतो, हे परीक्षकाला ठाऊक नसे. दोघांमधला समान दुवा एकच : नेमलेले पुस्तक. साहजिकच पुस्तकाबरहुकूम लिहिलेले उत्तर सर्वांत सुरक्षित ठरले. पाठांतर पाठशाळेतही होते; पण तेथे म्हणून घेणारा गुरू अर्थही विचारू शकत असे.

अध्यापन परीक्षेच्या दावणीला बांधले गेले आहे, अशी टीका १९०२ च्या भारतीय विद्यापीठ आयोगानेही केली. पुढे सेंट्रल कॉलेज १९१६ मध्ये म्हैसूर विद्यापीठात आणि १९६४ मध्ये नव्या बेंगळुरू विद्यापीठात आले. परीक्षा गावातच आली. तरी संलग्न महाविद्यालयांत शिकवणारा एक आणि प्रश्नपत्रिका काढणारा दुसरा, ही विभागणी टिकली. म्हणून पाठांतराचा वैताग हा केवळ विद्यार्थ्याच्या आळसाचा किंवा स्मरणशक्तीचा प्रश्न ठरत नाही. तो या रचनेचाही परिणाम आहे.