ट्रिलियम : संरक्षण

मेलॅन्थिएसी कुलातील ट्रिलियम या वनफुलांच्या प्रजातीला तोड, चराई व खोदकाम यांपासून दिलेले संरक्षण.

उत्तर अमेरिका, पूर्व आशिया व हिमालयात ही प्रजाती आढळते. बियांवरील तेलकट गरासाठी मुंग्या त्या वाहून नेतात (→ मुंगी). रोप फुलायला बहुधा सात-आठ वर्षे लागतात. फुलाबरोबर तिन्ही पाने खुडली, की जमिनीतील मूलक्षोडाचे (→ खोड) अन्नच तुटते. हरणांनाही नेमके हेच कोवळे शेंडे आवडतात.

कॅनडातील आँटॅरिओने १९३७ मध्ये पांढऱ्या ट्रिलियमला प्रांतपुष्पाचा मान दिला. खुडण्यावर सरसकट बंदी मात्र घातली नाही. अमेरिकेत जॉर्जिया व साउथ कॅरोलायनातील ‘ट्रिलियम पर्सिस्टन्स’ ही जाती १९७८ पासून संकटग्रस्त म्हणून कायद्याने संरक्षित आहे.

हिमाचल, उत्तराखंड व काश्मीरमधील नागछत्री ही ट्रिलियमची जाती औषधी मूलक्षोडासाठी चोरून खणली जाते, पुष्कळदा बी पिकण्यापूर्वीच.